जळालेले चिलगोजे

"पण माझं चुकलंय कुठे, तेवढं तरी सांगाल?"

पाठीवरची सॅक न उतरवताच कौस्तुभने विचारलं. द्वारकाबाई खडकाच्या आडोशाला बसून स्टोव्ह पेटवत होत्या.

किन्नौरच्या डोंगरातलं उत्खनन संपत आलं होतं. कौस्तुभला तिथल्या एका फार जुन्या चुलीत चिलगोजे सापडले होते. पाइनच्या शंकूतून निघतात ते लांबट दाणे, जळून कोळसा झालेले, पण अख्खे. शेजारीच ते फोडायचा दगड. शोध मोठा होता, आणि गडी तेव्हापासून हवेत होता. हुशार माणसाला तेवढं माफ असावं.

बाई मात्र त्याचा निष्कर्ष मान्य करत नव्हत्या, आणि कारणही सांगत नव्हत्या. म्हणून आज तो त्यांना कायमचा सोडून निघाला होता. ज्यांचं बोट धरून तो माती वाचायला शिकला, त्याच बाईंना. आतून त्याला फार वाईट वाटत होतं, पण ते कबूल कोण करणार?

"बस. जीपला अवकाश आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतले चिलगोजे तव्यावर ओतले. पिशवी उलटी करून झटकली.

"पीठ काल संपलं. सामान यायला संध्याकाळ होईल. माझी एवढी न्याहारी भाजून दे. आणि भाजता भाजता तुझं म्हणणं सांग."

कौस्तुभने उलथनं हातात घेतलं.

"सरळ आहे, बाई. खाल्लेल्या दाण्यांची फक्त टरफलं उरतात. इथे चुलीत अख्खे दाणे आहेत, ओंजळभर. म्हणजे जळू दिले, ढुंकून पाहिलं नाही. असं कोण करतं?"

"कोण?"

"ज्यांना कशाची ददात नाही ते! खाऊन माजलेले, उधळे लोक. अन्नाची किंमतच नव्हती त्यांना."

"हं..."

"हं काय? दुसरा अर्थ दाखवा ना!"

तो बोलत राहिला. दगडावरच्या घासल्याच्या खुणा, राखेचे थर, जंगलात तेव्हा किती झाडं असतील, सगळं सगळं. उलथनं हवेत फिरत होतं.

बाई तव्याकडे बघत होत्या.

मग करपल्याचा वास आला.

कौस्तुभने घाईने तवा खाली घेतला. बोट भाजलं. दाणे काळे ठिक्कर पडले होते. त्याने एक फोडून पाहिला, दुसरा फोडला. आतही कोळसाच.

"सगळे गेले?" बाईंनी विचारलं.

"सगळे..."

आता बोलणी बसणार म्हणून तो मान खाली घालून थांबला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तवा घेतला आणि दाणे स्टोव्हमागच्या, रात्रीच्या शेकोटीच्या राखेत ओतले. काळे, अख्खे, ओंजळभर.

कौस्तुभ त्या राखेकडे बघत राहिला.

खालून जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. त्याने खांद्यावरची सॅक हळूच खाली ठेवली. त्याला फार लाज वाटत होती.

"बाई... आता तुम्ही काय खाणार?"

बाईंनी समोरच्या उत्खननाच्या खड्ड्यातल्या त्या जुन्या चुलीकडे बोट केलं.

"हे त्यांना विचारलं होतंस?"