ठिपकीचं बशीएवढं डबकं

मांडी घालून बसा. पाय आत घ्या. गोष्ट अळूच्या पानाखालून निघतेय.

अळूखाली एक डबकं होतं. केवढं? बशीएवढं. त्यात राहायची ठिपकी बेडकी. केवढी? सुपारीएवढी.

रोज सकाळी वेणूकाकी हंड्यातलं कालचं पाणी अळूला ओतायची. सळ्ळ. डबकं भरायचं. ठिपकी उडी मारायची. डुबुक.

एक दिवस डबक्यात काळं पाणी आलं. बुळुक बुळुक. वास आला. काकीने नाक धरलं आणि हंडा दुसरीकडे ओतला. ठिपकी काठावर बसून राहिली. ऊन वाढलं. पाठ सुकायला लागली. बेडकीची पाठ सुकून चालत नाही. ओली राहिली तरच ती जगते.

ठिपकीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग ती निघाली. टप्पक टप्पक टप्पक.

काळं पाणी येत होतं शोषखड्ड्यातून. शोषखड्डा म्हणजे दगडगोट्यांनी भरलेला खड्डा. घरातलं सांडपाणी तो पितो आणि हळूहळू मातीला देतो.

"खड्ड्या खड्ड्या, पाणी पी.
डबकं माझं नितळ होईना.
मी राहू कुठे?"

खड्डा म्हणाला, "पिईन ग. पण माझ्या घशात गाळ बसलाय. टाकीने गाळ धरला, तर मी पाणी पिईन."

ठिपकी निघाली. टप्पक टप्पक टप्पक.

टाकी होती घरामागे, जमिनीच्या पोटात. कसली टाकी? संडासाची. हसू नका. संडासाला सगळेच जातात. राजाही जातो. ते सगळं या टाकीत येतं. गाळ खाली बसतो, पाणी पुढे खड्ड्याकडे जातं. ठिपकीने जमिनीला तोंड लावलं.

"टाकी टाकी, गाळ धर.
खड्डा पाणी पिईना,
डबकं माझं नितळ होईना.
मी राहू कुठे?"

आतून आवाज आला. गुडगुड गुडगुड. टाकी म्हणाली, "कुठे धरू? पोट गळ्यापर्यंत भरलंय. किती वर्षं झाली, कुणी विचारलं नाही. चाचाने नळी सोडली, तर मी गाळ धरीन."

ठिपकी निघाली. टप्पक टप्पक टप्पक.

वळणावर रज्जाकचाचाचं घर. दारात त्याची मोठी गाडी. गाडीवर मोठी टाकी आणि हत्तीच्या सोंडेसारखी जाड नळी. गावातल्या सगळ्यांच्या टाक्या चाचाच उपसायचा.

"चाचा चाचा, नळी सोड.
टाकी गाळ धरीना,
खड्डा पाणी पिईना,
डबकं माझं नितळ होईना.
मी राहू कुठे?"

चाचा खाली बसला. म्हणाला, "मी कधीपण येईन. पण काकीच्या टाकीचं झाकण कुठे दिसतं? झाकण उघडलं, तर मी नळी सोडीन."

ठिपकी परत फिरली. टप्पक टप्पक टप्पक.

झाकण कुठे होतं? परसात नारळाच्या सोडणांचा ढीग होता. सोडणं म्हणजे नारळाची सालं, चुलीत घालायची. ढिगाखाली, अगदी खाली, झाकण होतं. ठिपकी फटीतून आत शिरली.

"झाकणा झाकणा, उघड.
चाचा नळी सोडीना,
टाकी गाळ धरीना,
खड्डा पाणी पिईना,
डबकं माझं नितळ होईना.
मी राहू कुठे?"

झाकण पुटपुटलं, "मला श्वास घेता येत नाही, उघडू कसं? काकीने ढीग हलवला, तर मी उघडेन."

ठिपकी निघाली. टप्पक टप्पक टप्पक.

वेणूकाकी पायरीवर बसून नारळ सोलत होती. आता खरं सांगते. ढीग काकीनेच घातला होता. घरी पाहुणे यायचे, त्यांना संडासाच्या टाकीचं झाकण दिसलं की तिला लाज वाटायची. म्हणून तिने ते झाकलं. झाकलं ते झाकलं, आणि विसरून गेली.

"काकी काकी, ढीग हलव.
झाकण उघडेना,
चाचा नळी सोडीना,
टाकी गाळ धरीना,
खड्डा पाणी पिईना,
डबकं माझं नितळ होईना.
मी राहू कुठे?"

काकीचा हात थांबला. तोंड एवढंसं झालं. ती म्हणाली, "माझंच चुकलं बाय. पण ढिगावर कवडी कोंबडी अंडी घेऊन बसलीय. एकवीस दिवस तिला हलवायची नाय. आज सोळा झाले. कवडी उठली, तर मी ढीग हलवीन."

ठिपकी निघाली. आता हळूहळू. टप्पक... टप्पक... पाठ सुकली होती ना.

ढिगावर कवडी कोंबडी फुगून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले.

"कवडे कवडे, ऊठ.
काकी ढीग हलवीना,
झाकण उघडेना,
चाचा नळी सोडीना,
टाकी गाळ धरीना,
खड्डा पाणी पिईना,
डबकं माझं नितळ होईना.
मी राहू कुठे?"

कवडी म्हणाली, "मी उठले तर अंडी गार पडतील. अंडं फुटलं, तर मी उठेन." आणि तिने पंख जरासा उचलला.

पंखाखाली अंधार होता. ऊब होती. ठिपकीने एका अंड्याला कान लावला.

"अंड्या अंड्या, फूट.
कवडी उठेना,
काकी ढीग हलवीना,
झाकण उघडेना,
चाचा नळी सोडीना,
टाकी गाळ धरीना,
खड्डा पाणी पिईना,
डबकं माझं नितळ होईना.
मी राहू कुठे?"

अंडं जरासं हललं. मग आतून बारीक आवाज आला.

"माझी चोच अजून मऊ आहे. आज फुटलो तर मी जगणार नाही. तू थांबशील?"

ठिपकी विचार करत बसली. खड्डा म्हणाला, टाकीला सांग. टाकी म्हणाली, चाचाला सांग. सगळ्यांनी तिला पुढे पाठवलं. थांबशील का, असं कुणी विचारलं नव्हतं.

मला माझं घर हवं, ठिपकी मनात म्हणाली. पण अंडं हे या पिल्लाचं घर आहे. घाईने कसं फोडायचं?

"थांबेन," ठिपकी म्हणाली.

आणि ढिगावर कवडीशेजारी थांबली. एक दिवस. दोन दिवस. ऊन तापलं. ठिपकीची पाठ कागदासारखी झाली. डोळे मिटायला लागले.

काकी रोज कवडीसाठी करवंटीत पाणी ठेवायची. कवडीला दिवसभरात एवढंच पाणी. ती प्यायली. गुटुक गुटुक. मग थांबली. चोचीने करवंटी ठिपकीकडे सरकवली.

"अर्धं तुझं," कवडी म्हणाली.

ठिपकी करवंटीत बसली. पाठ ओली झाली. बरं वाटलं. मग रोज असंच. अर्धं कवडीचं, अर्धं ठिपकीचं. तीन दिवस. चार दिवस. पाच दिवस.

आणि मग?

टुक.
टुक टुक.
चर्र.

अंडं फुटलं. चोच आली, डोकं आलं, ओलं ओलं पिल्लू आलं. मग दुसरं. मग तिसरं. पिल्लं वाळली, मऊ झाली, चिव चिव करत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कवडी उठली. पंख झाडले. फडड फडड.

काकीने ढीग हलवला. सोडणं भिंतीकडे नेली, सगळी. आणि चाचाला बोलावलं. चाचा आला, पहारीने झाकण उघडलं. खर्रर.

"लांब उभं राहायचं सगळ्यांनी," चाचा म्हणाला. "उघड्या टाकीत वाकून बघायचं नाय."

सगळे लांब उभे राहिले. काकीने पदर नाकाला लावला. कवडीने पिल्लं पंखाखाली घेतली. चाचाने नळी सोडली. घर्र घर्र. सुर्र सुर्र. गाळ गाडीत चढायला लागला.

काकी म्हणाली, सगळं काढ चाचा, तळ घासून काढ. तिला स्वच्छता फार.

चाचाने मान हलवली. "थोडा गाळ राहू दे, काकी. त्यात बारीक बारीक जीव असतात. डोळ्यांना दिसत नाय, पण घाण तेच खातात. सगळं काढलं तर त्यांनी राहायचं कुठे?"

राहायचं कुठे? ठिपकीने ते ऐकलं. तिने चाचाकडे बराच वेळ बघितलं.

थोडा गाळ राहिला. चाचाने खड्ड्याचा घसाही मोकळा केला. काकीने झाकणाभोवती चुन्याने पांढरा गोल काढला. आता ते कुणी विसरणार नाही. तीन वर्षांनी चाचा पुन्हा येईल. पाहुणे बघतात तर बघू देत.

मग?

अंडं फुटलं,
कवडी उठली,
काकीने ढीग हलवला,
झाकण उघडलं,
चाचाने नळी सोडली,
टाकीने गाळ धरला,
खड्डा पाणी प्यायला. गट गट गट.

काळं पाणी मातीत गेलं. वास गेला. अळू पुन्हा डुलायला लागलं. सकाळी काकी हंडा घेऊन आली. आज अळूकडेच आली. सळ्ळ. उद्याही आली. सळ्ळ. परवाही आली. सळ्ळ.

डबकं ठिपकीचं नितळ झालं. केवढं? बशीएवढं. ठिपकीने उडी मारली. डुबुक.

तेवढ्यात चिव चिव चिव. पिल्लं आली. ऊन तापलं होतं. त्यांना तहान लागली होती. डबक्याच्या काठावर ती उभी राहिली, पण आत कुणी चोच घालेना. डबकं ठिपकीचं होतं ना.

ठिपकी जराशी बाजूला सरकली.

"अर्धं तुमचं," ती म्हणाली.