पंख फुटलेलं राज्य

एका राज्यात धुकंसुद्धा केशरी असे. पहाटे डोंगर हळूहळू सरकत नदीवर येत, पाणी पीत आणि उजाडायच्या आत जागेवर जाऊन बसत. तिथल्या राजा प्रतापकेतूचं आपल्या राज्यावर अतोनात प्रेम. इतकं, की त्याविषयी वावगा शब्द त्याला सोसत नसे. रोज दुपारी नगारा वाजे आणि हातातलं काम टाकून सारे म्हणत, "असं राज्य त्रिभुवनात नाही!" पुलाची फळी तुटली, तर लोक भगदाडावरून उडी मारत आणि वर उडीचं कौतुक करत. आता काय म्हणावं या माणसांना!

एके दिवशी राजाने शंखपाद मांत्रिकाला बोलावलं.

"माझ्या राज्याला कुणी नावं ठेवू नयेत, असं काही कर."

"महाराज, विचार करा."

"केला."

मांत्रिकाने चिमूटभर राख उधळली. तेव्हापासून जो राज्यातली उणीव बोलून दाखवी, त्याला पंख फुटत. पुलाविषयी बोलणारा सुतार पोपट होऊन उडाला. हळूहळू घरं ओस पडली, झाडं भरली. राजा खूश! "किती पक्षी आहेत माझ्या राज्यात!"

मग एकदा जेवताना त्याची एकुलती एक लेक कनकलेखा म्हणाली, "बाबा, तळ्याच्या पाण्याला वास येतो." राजाने मान वर केली, तर ताटाशेजारी मैना बसलेली. घास तसाच टाकून तो लहान मुलासारखा रडला.

राजाने उतारा विचारला, तेव्हा शंखपाद म्हणाला, "राज्यात तीन उणिवा आहेत. पुलाची आणि तळ्याची पक्ष्यांनी सांगितली. त्या स्वतःच्या हातांनी दूर करा. तिसरी तुम्हीच भर दरबारात बोला. अर्ध्यात थांबलात, तर राजकन्या जन्मभर मैनाच राहील."

राजा पुलावर गेला, फळी ठोकू लागला.

"महाराज, खिळा वाकडा जातोय," पोपट म्हणाला.

राजाने मुकाट्याने तो उपटून पुन्हा ठोकला. मग तळ्यात उतरून गाळ उपसला. मैना खांद्यावर बसून जागा दाखवत होती. पाणी नितळ झालं, तशा भर दिवसा चांदण्या उतरून त्यात न्हाऊन गेल्या.

दुपारी नगारा वाजला. राजा सिंहासनावरून उठला.

"माझ्या राज्यात..."

त्याच्या बोटांना पिसं फुटली. मैना कळवळली, "बाबा, नका बोलू! मी आहे तशी बरी आहे!"

"माझ्या राज्यात," पिसं गळ्यापर्यंत चढली तरी राजा बोलत राहिला, "खरं बोलणाऱ्याला माणूस म्हणून राहता येत नाही. आणि हा माझा अपराध आहे."

सारी पिसं गळून पडली. झाडाझाडांवरून माणसं खाली उतरू लागली. विस्कटल्या केसांची कनकलेखा समोर उभी होती. राजाने तिला पोटाशी धरलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पुलाला कठडा नाही."

राजाने घाबरून तिचे खांदे चाचपले. पंख नव्हते.

"चल, दाखव," तो म्हणाला.

तिथे अजून रोज नगारा वाजतो. "असं राज्य त्रिभुवनात नाही!" सारे म्हणतात, पूर्वीच्याच अभिमानाने. मग राजा विचारतो, "आता काय राहिलंय?" आणि सगळं राज्य एकदम बोलू लागतं.