हिरवं इंजिन आणि पांढरं फडकं

खेळण्यातल्या आगगाड्या किल्ली सोडून नुकत्याच विजेवर धावू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. हेरंबराव टिपणिसांनी माडीवरच्या टेबलावर छोटी रेल्वे मांडली होती. एका रविवारी जुन्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगात त्यांना एक हिरवं इंजिन सापडलं. हरखून त्यांनी ते आणून रुळांवर ठेवलं.

डबे कुजबुजू लागले, "एवढं चांगलं इंजिन कुणी विकेल का?"

"खोट असणारच," सिग्नल म्हणाला. "माझी नजर आहे त्याच्यावर."

इंजिन निघालं आणि बोगद्यापाशी अडखळलं. पुन्हा निघालं, पुन्हा अडखळलं.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"अहो, रूळ मळलेत," इंजिन काकुळतीनं म्हणालं. "वीज पोचतच नाही माझ्यापर्यंत."

"आल्या दिवशी आमच्या रुळांना नावं ठेवतंय!" डबे खवळले.

हेरंबरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फसलो वाटतं. उद्या परत देऊन टाकतो."

देण्याआधी पुसावं म्हणून त्यांनी आपल्या धोतराचं धुवट फडकं घेतलं. चाकं पुसली, तरी फडकं पांढरंच. त्यांना शंका आली. तेच फडकं त्यांनी रुळांवरून फिरवलं, तर ते काळंकुट्ट झालं. रूळ लख्ख होताच इंजिन बोगद्यातून सुसाट गेलं.

सिग्नल मात्र फडक्याकडे रोखून बघत होता.

"हे फडकंसुद्धा," तो हळूच म्हणाला, "त्याच बाजारातून आणलेलं दिसतंय."