कुंभेरीच्या बागेतले रिकामे आळे

कुंभेरीची गढी बघायला येणारी मंडळी आधी बुरूज बघतात, मग तळघरात डोकावतात, नगारखान्यावर चढून फोटो काढतात आणि पाय दुखायला लागले की मागच्या बागेत येऊन टेकतात. बागेच्या मधोमध दगडी हौद आहे आणि हौदापासून चारी दिशांना पाट निघालेले आहेत. पूर्वेला जे आहे तेच पश्चिमेला. इकडे डाळिंब तर तिकडे डाळिंब, इकडे पारिजातक तर बरोब्बर त्याच्यासमोर पारिजातक. मध्ये आरसा धरावा तशी ही बाग आखलेली आहे. एकाच जागी ही जोडी मोडते. हौदाच्या पूर्वेला एक थोराड सोनचाफा उभा आहे, आणि त्याच्यासमोर पश्चिमेला तसेच दगडाने बांधलेले गोल आळे आहे, पण ते रिकामे आहे. त्यात उगवणारे गवतसुद्धा कोणीतरी रोज उपटून टाकते.

"इथलं झाड मेलेलं दिसतंय," पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणतेच. "मग दुसरं का नाही लावत?"

गढीची राखण करणारी हौसाआत्या या प्रश्नाचीच वाट बघत असते. म्हातारी फटकळ आहे, बुरुजावर चढणाऱ्यांना खालून शिव्या घालते, पण बागेत आली की तिचा आवाज खाली येतो. तिचे कपाळ मोकळे आहे आणि अंबाड्यात सोनचाफ्याचे ताजे फूल आहे. पाहुण्या बायका आधी फूल बघतात, मग कपाळ बघतात आणि मग दुसरीकडेच बघायला लागतात. तेही आत्याच्या नजरेतून सुटत नाही.

"झाडाचं इच्यारलंत, फुलाचं मनातच ठेवलंत," ती म्हणते. "दोन्हीचं उत्तर एकच हाय. बसा."

ती सांगते ती गोष्ट अशी.

फार जुन्या काळी या गढीत राघोजीराव देशमुख नांदत होते. त्यांच्या तरुणपणी सख्ख्या भावाशी वाटणीवरून वाकडे आले आणि तो भाऊ रागाने घर सोडून गेला तो परत दिसला नाही, असे सांगतात. ते शल्य राघोजीरावांच्या मनातून कधी गेले नाही. पुढे त्यांना दोन मुलगे झाले, थोरली सून घरात आली, तेव्हा त्यांनी देवीपुढे शपथ घेतली, की माझ्या घरात डावे-उजवे होणार नाही. आणि ती शपथ रोज डोळ्यांपुढे राहावी म्हणून त्यांनी ही बाग बांधून घेतली. पूर्वेची बाजू थोरल्या सुनेची, पश्चिमेची पुढे येणाऱ्या धाकटीची. दोन्हीकडे माती सारखी, पाणी सारखे, झाडे सारखी. एका बाजूचे झाड वाळले, की समोरचे त्याच्या जोडीचे झाडही तोडायचे आणि दोन्ही जागी नवी रोपे एकाच मुहूर्तावर लावायची. एकदा पूर्वेचे डाळिंब कीड लागून गेले, तेव्हा पश्चिमेचे डाळिंब अंगावर फळे असताना तोडले, म्हणे. म्हातारा शब्दाचा इतका पक्का होता.

आता शपथेने मातीची वाटणी करता येते, माणसाच्या मनाची कशी करणार?

थोरली सून सखवारबाई. कामाला वाघीण, बोलायला तिखट. धाकटी दर्याबाई येईपर्यंत गढीत सखवारबाईंचाच शब्द चाले. दर्याबाई आली आणि तिने कोणाचे काही हिसकावून घेतले नाही, हेच सखवारबाईंना जास्त लागले. भांडण करावे तर ती भांडत नव्हती. टोमणा मारला तर हसून "बरं, अक्का" म्हणायची. तिने भाकरी थापली तरी सासरे म्हणायचे, आज जेवण छान झाले. रोज भाकरी कोण थापत होते?

पण खरा काटा होता सोनचाफ्याचा. गढीत श्रावणी शुक्रवारी देवीला सोनचाफ्याची परडी जाई. ज्या सुनेचे झाड आधी फुलेल तिची परडी पहिली, आणि राघोजीराव देवीच्या पायावरचे फूल स्वतः उचलून त्या सुनेच्या हातावर ठेवीत. दर्याबाई येण्याआधी तो मान साहजिकच सखवारबाईंचा होता. ती आली त्या सालापासून पश्चिमेचा चाफा आषाढातच बहरून यायचा आणि पूर्वेच्या झाडावर मोठी मोठी हिरवी पाने तेवढी डुलायची. भर सभेत कोणी थोबाडीत मारावी, तसे सखवारबाईंना दर श्रावणात वाटे. दर्याबाई ते फूल केसांत माळून माजघरात आली, की वासाने त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फूल तरी तिला शोभू नये? तेही शोभायचे.

त्या वर्षी चैत्रात लोणच्यासाठी मिठाची पोती आली. कोठीच्या किल्ल्या सखवारबाईंच्या कमरेला. मीठ मापून घेताना त्यांच्या मनात आले, की आपले झाड तसेही फुलत नाही. ते मेले, तर मामंजींच्या नेमाने समोरचेही तोडावे लागेल. तिच्या झाडाला हात लावायला नको, कोणी नाव घ्यायला नको. आपले गेले तर जाऊ दे, तिचे तर जाईल.

हौसाआत्या इथे थांबते आणि बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवते. "असलं गणित हेव्यालाच सुचतं," म्हणते. "सवताचं घर जाळायचं, का तर शेजारणीच्या वळचणीला धग लागावी."

दुपारी सगळे घर लवंडले, की सखवारबाई ओच्यात मीठ घेऊन बागेत जात, स्वतःच्या चाफ्याच्या आळ्यातली माती उकरत, मीठ पसरून वरून माती सारखी करत. हे त्यांनी बरेच दिवस केले. वैशाखात झाडाची पाने कडेने करपायला लागली. ते झाड त्यांनी स्वतः रोप असताना लावले होते, लेकराला न्हाऊ घालावे तसे धुतले होते. करपलेले पान हातात घेताना पोटात तुटायचे. मग पश्चिमेकडे नजर जायची, तिकडची तजेलदार पालवी दिसायची, आणि पोटातले तुटणे तिथेच थांबायचे.

इकडे दर्याबाईच्याही ते ध्यानात आले. तिला आपल्या झाडाची काळजी पडली, हे खरेच. नेम तिलाही ठाऊक होता. पण त्याहून तिला वाटले, की अक्कांची बाजू कसदार नाही, मामंजींनी नकळत चांगली माती आपल्याला दिली. म्हणूनच आपले झाड आधी फुलते आणि म्हणूनच अक्का आपल्यावर राग धरतात. तिने ठरवले, की माती बदलायची. सखवारबाई चार दिवस माहेरी लग्नाला गेल्या, ती संधी तिने साधली. आपल्या आळ्यातली काळी, पोसलेली माती पाट्या भरभरून पूर्वेच्या झाडाला नेऊन घातली. आणि दोन्ही आळ्यांची पातळी सारखी राहिली पाहिजे, नाहीतर मामंजी विचारतील, म्हणून तिकडची काढलेली माती आणून आपल्या झाडाच्या मुळाशी ओतली. त्या मातीत काय आहे, हे तिला काय माहीत!

सखवारबाई माहेराहून परतल्या तर त्यांचे झाड हिरवे होऊ लागले होते. आषाढात त्याला कळ्या आल्या. समोरचे झाड मात्र पिवळे पडत चालले. सखवारबाईंना वाटले, देवी पावली. आपण मीठ घातले ते तिने पोटात घातले आणि आपल्यालाच कौल दिला. त्या दिवसांत त्या माजघरात ओव्या गुणगुणत, म्हणे. घरातल्या गड्या-बायांनी त्यांना गाताना कधी ऐकले नव्हते.

श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी पूर्वेचा सोनचाफा फुलांनी लदबदला होता आणि पश्चिमेचा पार वाळला होता. मानाची परडी सखवारबाईंच्या हातात होती. पण राघोजीराव देवघरात गेले नाहीत. ते कुऱ्हाडवाल्याला घेऊन बागेत आले आणि पूर्वेच्या झाडाकडे बोट दाखवले. नेम तो नेम. फळे होती म्हणून डाळिंबाला तरी कुठे सोडले होते?

नेम उलटून आपल्याच फुललेल्या झाडावर येईल, हे सखवारबाईंना सुचलेच नव्हते. दुसऱ्याचे झाड पडेल, एवढेच त्यांनी मनाशी घोळवले होते. त्या परडी घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात दर्याबाई पुढे झाली आणि सासऱ्यांच्या पायाशी बसली. "मामंजी, अक्कांचं झाड तोडू नका. माझं झाड माझ्याच हातानं गेलंय. मी दोन्हीकडची माती बदलली. मला काय ठाऊक, मुळं दुखावतील म्हणून. चूक माझी, त्यांच्या झाडाला सजा कशापायी?"

राघोजीराव विचारात पडले. झाड आपोआप वाळले नव्हते, मालकिणीच्या हाताने गेले होते. मग नेम लागू होत नव्हता. त्यांनी कुऱ्हाडवाल्याला हाताने थांबवले. आता सखवारबाईंनी नुसते गप्प राहायचे होते. झाड राहणार होते, परडी राहणार होती, मान जन्मभर त्यांचा. आणि दोष आपण होऊन धाकटीने अंगावर घेतलेला. इतकी वर्षे मनातल्या मनात मागितलेले सगळे एकदम पदरात पडत होते.

सखवारबाईंनी परडी खाली ठेवली. वाळलेल्या झाडापाशी गेल्या, आळ्यातली चिमूटभर माती उचलली आणि सगळ्यांदेखत जिभेवर ठेवली.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "हे मीठ माझं आहे, मामंजी. मी माझ्या झाडाला घातलं होतं, हिचं झाड पडावं म्हणून. ही वेडी माझ्यावर माया करायला गेली आणि माझं पाप उचलून स्वतःच्या मुळाशी घेऊन आली."

दर्याबाईने मान वर करून जावेकडे पाहिले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते कोणी सांगत नाही. हौसाआत्याही सांगत नाही.

सखवारबाईंनी स्वतःच कुऱ्हाडवाल्याला खूण केली. पण राघोजीराव म्हणाले, "नाही. झाड तोडलं की तू सुटशील. हे झाड राहील आणि समोरचं आळं रिकामं राहील. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, की माझी बाग कुठे मोडली. आणि तुझी सजा ऐक. तू जिवंत आहेस तोवर या झाडाचं पहिलं फूल रोज तुझ्या हातानं धाकटीच्या केसांत घालायचं. तिच्या केसांत फूल असल्याखेरीज तू माळायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झाले. पहिल्या सकाळी फूल खोवताना सखवारबाईंनी दर्याबाईचे केस असे ओढले, की तिच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे पुढे हात हलका होत गेला. मत्सर गेला का, असे कोणी विचारले तर हौसाआत्या हसते. "जातोय कुठला! रोज सकाळी फूल घालताना त्यांच्या मनात यायचंच, मेलीला काय शोभतंय. पर घालायच्या."

बरीच वर्षे गेली. राघोजीराव वारले. मग एका स्वारीत दर्याबाईचा नवरा पडला. तिचे कुंकू गेले, लुगडे पांढरे झाले, आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसली. आता तिच्या केसांत फूल घालायचे नव्हते. एके काळी सखवारबाईंनी याहून वेगळे काय मागितले होते? धाकटीची वेणी रिकामी असावी, एवढेच तर. ती रिकामी वेणी आता त्यांना बघवेना.

श्रावणातला पहिला शुक्रवार आला. गढी बायकांनी भरली होती. सखवारबाई सकाळी बागेत गेल्या, फूल खुडले, मागच्या खोलीतून दर्याबाईला हाताला धरून देवीपुढे आणून बसवले आणि तिच्या मोकळ्या अंबाड्यात फूल खोवायला हात उचलला.

घरात एकच गलका झाला. थोरल्यामोठ्या बायांनी तोंडाला पदर लावले. उपाध्ये म्हणाले, "बाईसाहेब, विधवेला हा मान देता येत नाही."

"मान कोण देतंय?" सखवारबाई कडाडल्या. "ही माझी सजा आहे. मामंजींनी जन्माची दिली. माफ करायची तर त्यांनी करायची, आणि ते आता नाहीत. तुम्ही माफ करणारे कोण?"

फूल दर्याबाईच्या केसांत गेले. ती रडत होती. सखवारबाईंनी एक पाऊल मागे सरून तिच्याकडे पाहिले आणि पुटपुटल्या, "पांढऱ्या लुगड्यावरही हिलाच शोभतंय." मग त्यांनी दुसरे फूल घेतले आणि स्वतःच्या केसांत घातले. आणि ज्या बायका कुंकू गेल्यापासून अशा दिवशी मागल्या दारी थांबत, त्यातली एक हळूच पुढे आली, म्हणे, आणि सखवारबाईंपुढे मान वाकवून बसली.

आजही कुंभेरीत श्रावणी शुक्रवारी या झाडाचे फूल कोणी स्वतःच्या हाताने माळत नाही. दुसरीने घालायचे असते, आणि जिच्याविषयी मनात काही सलत असेल तिला आधी घालायचे असते. कोणाच्या कपाळाकडे बघायचे नसते. झाड फुलते आहे तोवर इतर दिवशीही गावातल्या बायका हा रिवाज पाळतात. समोरचे आळे आजही रिकामेच ठेवतात. त्यातली माती अजून खारट लागते, असे म्हणतात.

गोष्ट संपली, की पाहुण्यांपैकी एखादी धीर करून विचारते, "आत्या, मग तुमच्या केसांत आज हे फूल कोणी घातलं?"

"माझ्या जावंनं," हौसाआत्या गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणते. "शेताच्या बांधावरनं भांडान हाय आमचं, तोंडाकडं बगत न्हाई येकमेकीच्या. पाठीमागनं येती, फूल खोवती आन् जाती." मग अंबाड्याला हात लावून बघते. "आज जरा जोरातच खोवलंय."