बर्गर आधी कुणाला?

नऊ जानेवारी. सकाळपासून दाट धुकं. विमान पाच तास उशिरा उडालं आणि तेवढा वेळ चिकन बर्गरचे खोके बाहेरच्या गाडीत पडून होते. वर गेल्यावर हवाईसुंदरी शाल्मलीने एक खोका उघडला, तर आंबूस वास.

पहिल्याच रांगेत विमान कंपनीचे मालक धारवाडकर बसले होते. तिने त्यांना हळूच सांगितलं.

"वास तुझ्या नाकात आहे," ते खेकसले. "निमूट वाट, नाहीतर उद्यापासून घरी बस!"

शाल्मलीने दोन बर्गर उचलले. "वाटते, सर. फक्त आधी दोन्ही पायलटना देऊन येते. भुकेले आहेत बिचारे."

धारवाडकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली नुसते ढग होते.

"थांब, थांब!"

प्रवाशांना चहा-बिस्किटं मिळाली. शाल्मली दुसऱ्या दिवशी कामावर होती.