तंबोऱ्याचे दोरे

आमच्या गावात रामजन्माला पाळणा म्हणायचा मान शेवंताच्या घरचा. तिची आई गेली, म्हणून यंदा पहिल्यांदाच पोरीनं म्हणायचा. पण आवाज असा घोगरा, की जातं घरघरतंय म्हणावं. कीर्तनाला आलेले त्रिंबकबुवा सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या गळ्यानं बाळ राम दचकून उठेल! दुसरी बाई बघा."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बुवा चहाला उठले, तशी मी त्यांच्या तंबोऱ्याच्या तारांखालचे चारी दोरे ओढले न् पदरात बांधले.

बुवांनी येऊन तार छेडली, तर नुसतं टण टण.

"दोरे कुणी काढले? दोऱ्याची खरखर नसली तर तंबोरा घुमेल कसा?"

मी पदराची गाठ सोडली. "हे घ्या बुवा. तुमच्या तंबोऱ्याला दोरा तुम्ही घातलात, आमच्या शेवंताच्या गळ्यात रामानंच घातलाय. तो काढायला कशाला सांगता?"

देवळात हशा पिकला. बुवा दोरे सरकवत पुटपुटले, "म्हण गं पोरी."

शेवंतानं पाळणा म्हणायला घेतला न् माझा जीव भांड्यात पडला. बाळ राम काही दचकला नाही. बुवा मात्र डोळे मिटून डुलत होते.