नाही म्हणायचं तर हात धरून

पूर्वी गंगेकाठच्या एका नगरात धर्मरुची राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्याच्या कुळात जन्मले होते. कुंभारआळीचं औषधपाणी त्यांच्याकडे असे. आळीची रीत अशी, की सुगीला धडधाकट असो वा आजारी, प्रत्येक घरानं सामाईक कणगीत भात घालायचा. त्यातून सगळ्यांची औषधं. महागाचं औषध द्यायचं तर वैद्यानं आधी कोठाऱ्याला विचारायचं. आणि वर्षाअखेरी कणगीत उरेल ते वैद्य नि कोठारी दोघांनी वाटून न्यायचं.

कोठारी सोमिल माणूस वाईट नव्हता हो. पण कणगीपाशी बसून बसून त्याला माणसं दिसेनाशी झाली होती, भातच दिसे. औषधासाठी वैद्याचा निरोप आला की मान हलवी. आडवी.

एकदा सुमना म्हातारीला धाप लागली. घागर थापायची थापीही उचलवेना. बोधिसत्त्वांनी हिमालयातली मुळी मागितली.

"वैद्यबुवा, पिकलं पान ते!" सोमिल म्हणाला. "आल्याचा रस पाजा. मुळीत निम्मी कणगी जाईल. उद्या पोराटोरांना ताप आला तर काय द्याल?"

"खरं आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "नाही म्हणायचा अधिकार तुमचाच. फक्त ते तिचा हात धरून सांगा. मला काही ते जमायचं नाही."

एवढंच ना, म्हणत सोमिल शब्द घोकत गेला.

"कोण, सोमिल? ये रे मेल्या! किती वाळलास! कणगीवर बसून वारा खातोस का?" म्हातारीचे शब्द धापेनं तुटत होते. त्यानं हात धरला. गार, मातीनं चिरलेला. "तुझ्या बारशाची घागर... याच हातानं थापली होती."

घोकलेलं सगळं सोडून सोमिलनं तिचा हात घट्ट धरला. "आजी, मुळी येतेय," तो म्हणाला. "तेच सांगायला आलो."

बाहेर बोधिसत्त्व उभेच होते. "आणि पोरांना ताप आला तर?" सोमिलनं काकुळतीनं विचारलं.

"दरसाल उरलेलं आपण घरी नेतो, ते कणगीतच राहू दे. माझं गेल्या सालचं पोतं आजच परत ओततो."

"मग माझं काय उंदरांसाठी ठेवू? चला, एक टोक धरा!"

मुळी आली. म्हातारीनं आणखी काही उन्हाळे घागरी थापल्या नि सोमिलला बोल लावले. आळीत मात्र रीत पडली, की नाही म्हणायचं तर रोग्याचा हात धरून म्हणायचं. कधी म्हणावंही लागे. पण मग कोठारी तिथून लवकर उठत नसे.

मागल्या जन्मीची ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे आज आजाऱ्यांची अंथरुणं धुणारा हा तुमचा वडीलधारा भिक्खू. सुमना म्हणजे त्याला भिक्षा वाढणारी वेशीवरची आजी. अजून ती त्याला वाळलास म्हणते. आणि तो वैद्य मीच. दुसऱ्याचा हात हाती घेतल्यावर जी आपल्याला निष्ठुर होऊ देत नाही, तिचं नाव करुणा."